कार्डावरची सही खरी का खोटी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात खेळाडूंचे फोटो छापलेल्या, हौसेनं जमवायच्या जुन्या क्रिकेट कार्डांवर चार ओळी छापल्या होत्या, त्यानंतर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो, कार्डावर खेळाडूची सही आहे पण ती त्यानंच केलीय हे कशावरून मानायचं. नावं छापत नाही, फक्त कुठून लिहिलंय तेवढं देतोय.

प्रश्न: नमस्कार. माझा मुलगा बारावीला आहे, त्यानं वाढदिवसाला जमलेल्या पैशातून ऑनलाइन सचिनची सही असलेलं कार्ड घेतलं, साडेचार हजाराला. सोबत सोनेरी स्टिकर लावलेलं सर्टिफिकेट आलंय, त्यावर शंभर टक्के ओरिजिनल असं लिहिलंय. ह्यांचं म्हणणं की पोराला फसवलं, पोरगा म्हणतो सर्टिफिकेट आहे ना मग काय. घरात रोज तोच विषय. कसं ओळखायचं ओ? (जुळे सोलापूर)

उत्तर: ताई, पहिल्यांदा ते सर्टिफिकेट उचलून कपाटात ठेवा आणि नुसतं कार्ड समोर घ्या. सोनेरी स्टिकर आणि जाड कागद कुठल्याही प्रेसमध्ये दोन तासात छापून मिळतो, त्या कागदाची किंमत फक्त तो कुणी दिलाय यावर असते, म्हणजे देणाऱ्याचं नाव पत्ता आहे का, त्यानं सही होताना डोळ्यानं बघितली का नंतर तपासली, आणि उद्या खोटी निघाली तर पैसे परत करणार का. तुम्ही पाठवलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही, ज्यानं सर्टिफिकेट दिलं त्याचं साधं नाव पण नाही, त्यामुळं तो कागद नसल्यासारखाच धरा.

आता सही पेननं केलीय का छापलीय हे आधी बघायचं. सोलापुरात याचं साधन शोधायला लांब जायला नको, कापडाच्या धंद्यात धागे मोजायला ते छोटं घडीचं, चौकोनी खिडकीचं भिंग वापरतात ना, तेच घ्या, ओळखीत कुणी यंत्रमागवाले असतील तर मागून आणा, ऑफसेट प्रेसवाले पण छपाई तपासायला तसलंच वापरतात. भिंग सहीवर टेकवा आणि मोबाईलचा टॉर्च बाजूनं तिरका धरा. छापलेली सही असेल तर रेघ म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, बाकीच्या फोटोत आहेत तसेच. कधीकधी सही वेगळ्या एकाच रंगात किंवा चकचकीत फॉइलनं छापतात, तेव्हा ठिपके सापडणार नाहीत, मग कार्ड उजेडात हळूहळू तिरकं करून बघा. मार्करची शाई गुळगुळीत कार्डाच्या वर बसलेली असते, तिची चमक बाकीच्या कार्डापेक्षा वेगळी पडते, आणि एक रेघ दुसरीला जिथं ओलांडते तिथं शाई दोनदा पडल्यामुळं गडद होते. छापलेल्या सहीत हे होत नाही.

समजा शाई निघाली, तरी काम झालं नाही बरं का. पेन घेऊन दुसऱ्याची सही कुणीपण करू शकतो. इथं बघायचा तो हाताचा वेग. सराईत बाई रांगोळीची लांब रेघ एका दमात ओढते आणि बघून बघून काढणाऱ्याची रेघ थांबत थांबत जाते, सहीचं पण तसंच असतं. ज्यानं आयुष्यात हजारो वेळा तीच सही केलीय त्याचा हात न थांबता फिरतो, रेघ सुरुवातीला आणि शेवटी निमुळती होत जाते, कारण पेन कार्डाला टेकायच्या आधीच हात चालू असतो आणि उचलल्यावरही चालू असतो. नक्कल करणारा सही काढतो, लिहीत नाही. मग रेघेचं टोक बोथट येतं, वळणावर बारीक थरथर येते, मधेच पेन उचलून परत टेकवल्याचा जाड ठिपका दिसतो, आणि सगळी रेघ एकाच जाडीची येते.

सचिनच्या बाबतीत अजून एक गोष्ट बघता येते. तो बॅटिंग आणि बॉलिंग उजव्या हातानं करायचा पण लिहितो डाव्या हातानं. उजव्या हातानं लिहिणारे आडवी रेघ बहुतेक डावीकडून उजवीकडं ओढतात, डावखुरे बरेचदा उलट, उजवीकडून डावीकडं. रेघ कुठून सुरू झाली ते भिंगाखाली कळतं, पेन टेकतो तिथं शाईचा थोडा गोळा असतो आणि सुटतो तिथं रेघ बारीक होत जाते. नक्कल करणारा माणूस उजव्या हाताचा असला तर आकार हुबेहूब काढेल पण रेघेची दिशा त्याच्या हाताची येईल. फक्त एवढ्यावर निकाल देऊ नका, सगळेच डावखुरे तसं करतात असं नाही, खात्रीच्या सहीचे मोठे फोटो शेजारी ठेवून त्यात दिशा कुठली आहे ते बघा आणि मग आपल्या कार्डाशी जुळवा.

अजून एक काम मुलालाच सांगा, तो मोबाईलवर पटकन करेल. त्याच विक्रेत्याकडं त्याच खेळाडूची बाकीची कार्डं विकायला असतील तर त्यांचे फोटो घ्यायचे आणि सह्या एकमेकांवर ठेवून बघायच्या. माणूस दोनदा सही करतो तेव्हा ती कधीच तंतोतंत सारखी येत नाही. दोन सह्या रेघेवर रेघ बसल्या तर एक तर छापलेल्या आहेत, शिक्का आहे, गिरवलेल्या आहेत नाहीतर मशीननं केलेल्या आहेत.

तुमच्या फोटोवरून बोलायचं तर रेघेची दोन्ही टोकं बोथट आहेत आणि मधे पेन उचलल्यासारखं वाटतंय, माझं मत खोटीकडं झुकतंय. विक्रेत्याला मेसेज करून विचारा, हे कार्ड तुझ्याकडं कुठून आलं, आधी कुणाकडं होतं, तपासून खोटं निघालं तर परत घेणार का. या तीन प्रश्नांना तो टाळाटाळ करायला लागला तर मला भिंगापेक्षा तेच उत्तर जास्त पक्कं वाटतं. आणि पोराला रागावू नका, बारावीच्या वयात सचिनच्या सहीसाठी पैसे साठवणारं पोरगं वाईट वळणाचं नाही.

प्रश्न: माझे वय ७१. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, क्रिकेटचे भयंकर वेडे. त्यांच्या पेटीत पोस्टकार्डाएवढे पॉली उम्रीगर यांचे चित्रकार्ड सापडले, त्यावर निळ्या शाईत सही. वडील सांगत, मुंबईला ब्रेबॉर्नवर सामना पाहायला गेले तेव्हा घेतली. नातू म्हणतो ऑनलाइन चांगली किंमत येईल. दुकानदाराने खराब व्हायच्या आत लॅमिनेशन करा असे सुचवले. आपले मत कळवावे. (मुरारजी पेठ)

उत्तर: काका, लॅमिनेशन अजिबात करू नका, आधी हे वाक्य नातवाला वाचून दाखवा. लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि डिंक दोन्ही लागतात, एकदा प्लास्टिक चिकटलं की काढताना शाई आणि कागदाचा पापुद्रा सोबत येतो, वर शाईची तपासणी करायचा रस्ता कायमचा बंद. ॲसिड नसलेल्या कागदाच्या पाकिटात किंवा फोटो ठेवायच्या चांगल्या प्लास्टिक स्लीव्हमध्ये ठेवा, भिंतीवर लावू नका, आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, उन्हानं शाई उडते आणि निळी शाई तर लवकर उडते.

तुमचं पत्र वाचून खरंच आनंद झाला कारण उम्रीगर आपल्या सोलापूरचे, २८ मार्च १९२६ चा त्यांचा जन्म इथला, शाळेत असताना कुटुंब मुंबईला गेलं. कसोटीत भारताकडून पहिलं द्विशतक त्यांचं, १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला एकाच कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा आणि वर पाच विकेट. बीसीसीआय वर्षातल्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला बक्षीस देतं ते त्यांच्याच नावानं आहे, आणि आपल्या गावातल्या किती पोरांना हे माहितीय असं विचारलं तर उत्तर ऐकवत नाही.

आता सहीचं. जुन्या सहीत पहिली तपासणी तारखांची असते. बॉलपेन बाजारात आलं ते १९४५ च्या आसपास, शार्पी नावाचा परमनंट मार्कर १९६४ ला. त्यामुळं १९३३ ला वारलेल्या क्रिकेटपटू रणजितसिंहजींची बॉलपेननं केलेली सही कुणी दाखवली किंवा १९४८ ला गेलेल्या अमेरिकन बेसबॉलपटू बेब रूथची अशा मार्करनं केलेली, तर पुढं बघायची गरजच नाही. पण उम्रीगर ७ नोव्हेंबर २००६ पर्यंत होते, त्यामुळं त्यांच्या बाबतीत नुसत्या पेनावरून खोटी ठरवता येत नाही, आणि खरीही ठरत नाही. तुमच्या कार्डावर मात्र फाउंटन पेनची शाई दिसतेय. भिंगातून बघा, निबच्या दोन पात्यांमुळं रेघेच्या दोन्ही कडांना बारीक गडद खुणा येतात, जोर दिला तिथं रेघ जाड आणि हलका हात तिथं बारीक, शाई कागदात थोडी मुरलेली. वडिलांनी सांगितलेल्या काळाशी हे जुळतं.

कार्डाचं वय बघायला अजून एक सोपी गोष्ट आहे, नोटा तपासायचा जांभळा दिवा. १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालायला लागले, ते या दिव्याखाली निळसर झगझगीत दिसतं. त्याच्या आधीचं म्हणून सांगितलेलं कार्ड असं चमकलं तर संशय घ्यायचा. तुमचं कार्ड पन्नाशीच्या दशकातलं असेल तर चमकलं तरी घाबरू नका, तो काळच बदलाचा होता.

सगळ्यात मोठा पुरावा मात्र तुमच्याकडं आधीच आहे आणि तो म्हणजे वडिलांची हकीकत. कुठला सामना, साधारण कुठलं साल, सोबत कोण होतं, आठवेल तेवढं आजच स्वच्छ अक्षरात लिहून काढा, खाली सही तारीख करा, वडिलांचं मिलचं ओळखपत्र, त्या काळातला फोटो, रेल्वेचं तिकीट, त्यांनी घरी लिहिलेलं पत्र, यातलं काही सापडलं तर सोबत ठेवा. कार्डाच्या मागं मात्र काही लिहू नका. एका घरात, एकाच पेटीत राहिलेली सही आणि दहा हातांतून फिरून आलेली सही यात तपासणारा माणूस फार फरक करतो. विकायचं का नाही हा घरचा प्रश्न, मला विचाराल तर सोलापूरच्या खेळाडूची सोलापूरच्या गिरणी कामगारानं घेतलेली सही घरातच राहावी.

प्रश्न: मी सातवीत आहे. माझ्याकडं विराटचं कार्ड आहे त्यावर सही आहे. माझ्या दोन मित्रांकडं पण तेच कार्ड आहे आणि त्यावर पण सही आहे. मग तिन्ही खऱ्या का? (अशोक चौक)

उत्तर: बाळा, तिघांची कार्डं एकावर एक धरून उजेडात बघा, सही तिन्हीवर एकाच जागी आणि एकाच आकारात असेल तर ती कार्डासोबतच छापलेली आहे. कंपन्या शोभेसाठी तशी छापतात, त्यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. तिघांनी आपापली कार्डं जपून ठेवा, फक्त कुणी मोठ्या पोरानं खरी सही म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे, एनबीए म्हणजे अमेरिकन बास्केटबॉल आणि फुटबॉलची कार्डं गोळा करतो, मित्रांसोबत बाहेरून कार्डांच्या पॅकचे बॉक्स मागवतो. सील पॅकमधून निघालेल्या ऑटोग्राफ कार्डावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? आणि स्टिकर ऑटो आणि ऑन कार्ड ऑटो यात सहीच्या खरेपणात फरक असतो का? (विजापूर रोड)

उत्तर: पॅकमधलं कार्ड बाहेरून सही करून आणलेल्यापेक्षा कधीही बरं, कारण खेळाडूनं कंपनीशी करार करून सह्या केलेल्या असतात. ही पद्धत तशी फार जुनी नाही, १९९० मध्ये अपर डेक या अमेरिकन कार्ड कंपनीनं बेसबॉलवाल्या रेजी जॅक्सनच्या सह्या केलेली २५०० कार्डं नंबर घालून पॅकमध्ये टाकली आणि तिथून हे चालू झालं. बास्केटबॉलच्या मायकल जॉर्डनच्या सह्या १९९२ पासून अपर डेककडंच आहेत, त्यामुळं त्या काळानंतरच्या दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर त्याची पॅकमधली सही म्हणून कुणी विकत असेल तर तिथंच थांबायचं.

ऑटो म्हणजे ऑटोग्राफ, सही. ऑन कार्ड म्हणजे कार्ड खेळाडूच्या हातात गेलं आणि त्यानं त्याच्यावरच सही केली. स्टिकर ऑटोमध्ये त्याला पारदर्शक स्टिकरचे ताव पाठवतात, तो बसून सह्या करतो आणि कंपनी नंतर ते कार्डावर चिकटवते, म्हणजे कार्डाला त्याचा हातही लागलेला नसतो. सही दोन्हीकडं खरी असू शकते, गोळा करणाऱ्यांना ऑन कार्ड जास्त आवडतं एवढंच, आणि मला पण तेच आवडतं. कट ऑटो म्हणजे जुन्या कागदावरची, चेकवरची सही कापून कार्डाच्या खिडकीत बसवलेली, मेलेल्या खेळाडूंच्या सह्या अशाच येतात, आणि तिथं कंपनीनं सुद्धा ती सही बाहेरून विकत घेतलेली असते, त्यामुळं ती कुणी तपासली हे विचारायलाच पाहिजे.

डोळे झाकून मात्र कशावरच नको. २०१७ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या डॅक प्रेस्कॉटच्या, पनिनी कंपनीच्या प्रिझम कार्डांचं प्रकरण झालं होतं, पॅकमध्ये निघालेल्या कूपनच्या बदल्यात कंपनीकडून आलेली कार्डं लोकांनी बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपनीकडं पाठवली आणि तिथल्या तज्ज्ञानं ती खरी म्हणायला नकार दिला, सह्या एकसारख्या आणि मशीननं केल्यासारख्या वाटल्या म्हणून. ऑटोपेन नावाचं मशीन असतं, ते खरं पेन धरून सही करतं, त्यामुळं शाई खरी, रेघ खरी, फक्त हात माणसाचा नाही. ओळखायची खूण मी वर ताईंना सांगितली तीच, दोन सह्या एकमेकांवर तंतोतंत बसणं आणि पेनाचा दाब पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असणं.

तुमच्या वयाच्या पोरांची जास्त फसवणूक होते ती सुट्या कार्डांत. एकाच फोटोचं साधं कार्ड पण असतं आणि सहीचं पण, साध्या कार्डावर घरी सही मारायची आणि पॅकमधलं म्हणून विकायचं. कार्ड उलटं करून मागचा मजकूर नीट वाचा, सहीच्या कार्डावर कंपनीनं सहीची हमी दिल्याचं वाक्य असतं आणि कार्डाचा नंबर वेगळ्या मालिकेतला असतो, तो नंबर त्या सेटच्या यादीशी जुळवा. जर्सीचा तुकडा असलेल्या कार्डाचं पण मागचं वाक्य वाचत जा, बऱ्याचदा लिहिलेलं असतं की हे कापड कुठल्याही ठराविक सामन्यातलं नाही, आणि लोक मात्र फायनलमधली जर्सी म्हणून विकतात.

प्रश्न: कार्ड जाड प्लास्टिकच्या सील डबीत आहे, वर पीएसएचं लेबल आणि नंबर. आता तरी बिनधास्त घ्यायचं ना? (नवी पेठ)

उत्तर: लेबलवर नेमकं काय लिहिलंय ते आधी वाचा. पीएसए ही अमेरिकेतली तपासणी कंपनी १९९१ पासून कार्डाची अवस्था तपासून गुण म्हणजे ग्रेड देते, कोपरे, कडा, छपाई मध्यभागी आहे का वगैरे. सह्या तपासायचं काम त्यांनी १९९८ ला वेगळं चालू केलं. त्यामुळं लेबलवर नुसता कार्डाचा ग्रेड असेल आणि सहीचा उल्लेख नसेल तर सहीबद्दल त्यांनी काही सांगितलेलं नाही. सही तपासलेली असेल तर लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, कधी सहीला वेगळा ग्रेड पण असतो. बेकेट आणि जेएसए ही दुसरी दोन नावं, तिथं पण हेच.

मग लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा आणि तिथं फोटो असेल तर तो आपल्या कार्डाशी रेघ न रेघ जुळवा, कारण खऱ्या कार्डाचा नंबर उचलून नकली डबीवर छापणारे भरपूर आहेत, नंबर खरा निघतो आणि आतलं कार्ड दुसरंच असतं. डबीची कड उघडून परत चिकटवल्यासारखी पांढरी पडलीय का, लेबलची छपाई पुसट आहे का, ते पण बघायचं.

आणि हे तपासणारे शेवटी आपलं मत देतात, अनुभवी माणसाचं मत, पण मतच, सही होताना ते तिथं नव्हते. अमेरिकेत नव्वदच्या दशकात खोट्या सह्यांचा एवढा सुळसुळाट झाला होता की एफबीआयनं ऑपरेशन बुलपेन नावानं तपास केला आणि १९९९ मध्ये मोठ्या धाडी टाकल्या. टोनी ग्विन नावाच्या बेसबॉलपटूला तर स्वतःच्या संघाच्या दुकानात स्वतःच्या नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. त्या टोळीकडं मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉल पण सापडला. यातल्या कित्येक वस्तूंसोबत सर्टिफिकेट होतं हे विसरू नका. त्यानंतर २००१ पासून तिथल्या मेजर लीग बेसबॉलनं वेगळीच पद्धत आणली, त्यांचा माणूस सही होताना समोर उभा राहतो, बघतो, आणि तिथल्या तिथं काढला तर फाटणारं होलोग्राम स्टिकर लावून नंबर नोंदवतो. मला ही पद्धत सगळ्यात पटते, कारण त्यात अंदाज नाही, बघितलेलं आहे. आपल्या क्रिकेटमध्ये प्रत्येक सामन्याला असा माणूस उभा राहिला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, एवढे चाहते आहेत आपल्याकडं आणि त्यांच्यासाठी एवढं पण नाही.

प्रश्न: विकत घेण्यापेक्षा स्वतःच सही घ्यायची असेल तर काय काळजी घ्यावी? पार्क मैदानावर परत मोठा सामना झाला तर तयारीत राहीन म्हणतो. (सात रस्ता)

उत्तर: हे लई बेस्ट. २०२४ च्या जानेवारीत पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला तेव्हा किती पोरं कुंपणाला लटकली होती, पण बहुतेकांच्या हातात वहीचं पान आणि जेल पेन. चकचकीत कार्डावर जेल पेन चालत नाही, शाई गोळा होते आणि बोट लागलं की पुसते, बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या, निळा असला तर काळ्या छपाईपासून वेगळा उठून दिसतो. नवीन कार्डाच्या लकाकीवर मार्कर पण कधीकधी फुटतो, म्हणून स्वच्छ पांढऱ्या खोडरबरानं सहीची जागा अगदी हलकं पुसून ठेवतात म्हणजे शाई धरते, आधी एखाद्या जादाच्या कार्डावर करून बघा. कार्ड स्लीव्हमधून काढून कडक पाठीवर ठेवून द्या, खेळाडू चालता चालता सही करतो, टेकायला काही नसलं तर त्याचीच सही खोट्यासारखी वाकडी येते. सोबतच्या मित्राला व्हिडिओ काढायला सांगा ज्यात खेळाडूचा चेहरा, हात आणि कार्ड तिन्ही दिसतील, तो व्हिडिओ तुमच्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा भारी. सामना, तारीख, जागा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय स्लीव्हमध्ये घालू नका, नाहीतर सही प्लास्टिकलाच चिकटून निघते.

प्रश्न: मी फसलोय हे आता नक्की झालंय. विक्रेत्यानं ब्लॉक केलं. मित्र म्हणतो तू पण दुसऱ्या कुणाला विकून टाक आणि मोकळा हो. काय करू? (होटगी रोड)

उत्तर: मित्राचं ऐकू नका भाऊ. खोटी आहे हे माहीत असताना खरी म्हणून विकली की तुम्ही स्वतः फसवणूक करणारे झालात, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये तुम्हीच अडकाल, आणि समोर परत तुमच्यासारखाच एखादा खेळवेडा माणूस असणार.

पैसे ऑनलाइन गेलेत तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर लगेच फोन करा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, जितक्या लवकर कराल तितकी ते पैसे खात्यात अडवून ठेवायची शक्यता जास्त, आणि बँकेला पण त्याच दिवशी कळवा. विक्रेता दुकानदार किंवा नियमित धंदा करणारा असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि पुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तक्रार तुम्ही राहता तिथं म्हणजे सोलापुरातच करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकील पण सक्तीचा नाही. एखाद्यानं आपलं वैयक्तिक एकच कार्ड विकलं असेल तर तो व्यापारी धरला जाईलच असं नाही, तेव्हा पोलिसांचा रस्ता धरा.

ब्लॉक व्हायच्या आधीचं चॅट, जाहिरातीचा फोटो, त्यात ओरिजिनल असं लिहिलेलं वाक्य, पैसे गेल्याचा यूपीआय नंबर, कुरिअरची पावती, सगळ्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. आणि रागाच्या भरात कार्ड फाडू नका, सही पुसून बघायला स्पिरिट किंवा नेलपेंट काढायचं औषध लावू नका, आलेल्या पाकिटासकट तसंच ठेवा, तक्रारीत तोच तुमचा मुद्देमाल आहे.